पुडी आणायला पोराला पाठवणाऱ्यांनो

मुलांना मी मुद्दाम लवकर घरी सोडलं आहे. प्रगतिपुस्तकं टेबलावर आहेत, ती जाताना सही करून न्या. त्याआधी जे सांगणार आहे ते शेवटपर्यंत ऐकायचं. मधेच उठून भिंतीमागे थुंकायला जायचं नाही. ज्यांच्या गालात आत्ता काही धरलेलं आहे त्यांनी आत्ताच नळावर जाऊन चूळ भरून या. मी थांबते.

आता ऐका. दर सभेला तुम्ही मला विचारता, पोराचं गणित कच्चं का, त्याचं लक्ष का लागत नाही. आज मी विचारणार आणि उत्तर तुम्ही द्यायचं. तुमच्या घरात तंबाखू कोण खातं? आणि ती दुकानातून आणतं कोण?

पहिल्या प्रश्नाला तुमचं ठरलेलं उत्तर मला पाठ आहे. "बाई, आमच्यात कुणाला व्यसन नाही. सिगारेटला तर कुणी हात लावत नाही." हे तुम्ही इतक्या अभिमानानं सांगता की ऐकणाऱ्याला खरं वाटावं. केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयानं 2016-17 मध्ये प्रौढांच्या तंबाखूसेवनाची देशभर पाहणी केली. 15 वर्षांवरच्या माणसांमध्ये सिगारेट ओढणारे निघाले 4 टक्के. बिडी ओढणारे 7.7 टक्के. आणि तंबाखू चघळणारे, दाढेत धरणारे, हिरड्यांना घासणारे, नाकात ओढणारे मिळून 21.4 टक्के. माणसं मोजली तर जवळजवळ 20 कोटी. या देशातली तंबाखू मुख्यतः तोंडात जाते, आणि तुम्ही हात झटकता ते सिगारेटचं नाव घेऊन!

आपल्या राज्याचे आकडे तर तोंड लपवायला लावणारे आहेत. त्याच पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे 3.8 टक्के आणि धूर न काढता तंबाखू घेणारे 24.4 टक्के. आपल्याकडे तंबाखू घेणाऱ्या दर 10 जणांतले 9 ती तोंडात ठेवतात. शेजारच्या गोव्यात सगळ्या प्रकारची तंबाखू घेणारे मिळून 10 टक्क्यांच्या आत आहेत, देशात सर्वांत कमी. तिथेही माणसं शेतात राबतात, समुद्रावर जातात, रात्रपाळी करतात. तेव्हा "कष्टाच्या कामाला तंबाखू लागतेच" हे मला सांगू नका.

ज्यांचं चांगलं त्यांना चांगलंही म्हणते. 2009-10 च्या पहिल्या पाहणीत देशात धूररहित तंबाखू घेणारे 25.9 टक्के होते, सात वर्षांत ते साडेचार टक्क्यांनी कमी झाले. 15 ते 17 या वयात कुठलीही तंबाखू घेणारी मुलं तेव्हा 10 टक्के होती, ती 4 टक्क्यांवर आली. म्हणजे हे कमी होऊ शकतं. नशिबात लिहिलेलं असतं तर झालं नसतं. पण त्या आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे, ती पुरुषांनी नीट ऐका. बायकांमधलं धूररहित तंबाखूचं प्रमाण 18.4 वरून 12.8 वर आलं, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश घटलं. पुरुषांमधलं 32.9 वरून 29.6, म्हणजे जेमतेम एक दशांश. घरात निश्चयाच्या गोष्टी तुम्ही करता आणि निश्चय करून दाखवला बायकांनी.

म्हणून इथल्या आया सुटल्या असं समजू नका. महाराष्ट्रातल्या बायकांचं प्रमाण 16.6 टक्के आहे, देशातल्या बायकांपेक्षा जास्त. याचं मोठं कारण मिश्री. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि सकाळी उठल्यावर पहिलं बोट तिच्यात घालायचं. तुम्ही तिला व्यसन म्हणतच नाही, दात घासायची पूड म्हणता. मग दुपारी जेवण झाल्यावर पुन्हा दात घासायची गरज कशी पडते? रानातून आल्यावर? रात्री निजण्याआधी? दात स्वच्छ करायला कुणी अर्धा अर्धा तास तोंडात पूड धरून बसत नाही. शरीर निकोटिन मागतं, ते तुम्ही देता. आणि दाढ दुखते म्हणून रडणाऱ्या लेकराच्या हिरडीला तीच मिश्री लावता. दाढ किडलेली तशीच राहते, वरून लेकराला चव लागते. दवाखाना गावात नाही हे मला मान्य आहे, पण तालुक्याला आहे. लग्नाच्या बस्त्याला तुम्ही जिल्ह्यापर्यंत जाता.

ज्या पोटुशी असतात आणि तरी सोडत नाहीत, त्यांच्यासाठी एक गोष्ट वेगळी सांगते. डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या गरोदर बायकांचा अभ्यास करून तो 2004 मध्ये प्रसिद्ध केला. धूररहित तंबाखू घेणाऱ्या आयांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनं हलकी जन्मली आणि दिवस पूर्ण होण्याआधी जन्माला येण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. आधीच अडीच किलोची मारामार असलेल्या आपल्या बाळांचे 105 ग्रॅम आईच्या डबीनं नेले. सासूबाईंनो, सुनेला डोहाळे पुरवता ना? मग तिच्या हातातली डबी काढून घेणं हे तुमचं काम आहे. त्यासाठी आधी स्वतःची टाका, नाही तर ती तुमचं का ऐकेल?

आता दुसरा प्रश्न. आणतं कोण?

तुमची पोरं आणतात. संध्याकाळी पाराजवळच्या टपरीवर उभी राहिलेली दुसरी-तिसरीतली मुलं मी माझ्या डोळ्यांनी पाहते. हातात नोट, तोंडात ब्रँडचं नाव, सोबत चुन्याची पुडी मागायचीही विसरत नाहीत. पाढे विसरतात, हे विसरत नाहीत. काही घरांत तर उरलेले सुट्टे पैसे पोरालाच मिळतात, म्हणजे कामाचा मोबदलाही ठरलेला. हे शिक्षण त्यांना कुणी दिलं? मी नाही दिलं.

2019 मध्ये देशभरातल्या शाळांत 13 ते 15 वयाच्या मुलांची पाहणी झाली. 8.5 टक्के मुलं त्या वेळी कुठली ना कुठली तंबाखू घेत होती. महाराष्ट्राचा आकडा 5.1 टक्के. चाळीसच्या वर्गात दोन मुलं! पण मला झोप लागू दिली नाही ती पुढच्या आकड्यानं. ज्या मुलांनी धूररहित तंबाखू कधी ना कधी घेतली होती, त्यांतल्या 52 टक्क्यांनी ती वयाची 10 वर्षं पुरी होण्याआधी घेतली होती. सिगारेटच्या बाबतीत हेच प्रमाण 38 टक्के होतं. चौथीतलं पोर सिगारेट पेटवायला घाबरतं, कारण धूर दिसतो, वास येतो, मोठी माणसं ओरडतात. चिमूटभर तंबाखू ओठाखाली ठेवली तर कुणाला दिसत नाही, आणि दिसली तरी कुणी ओरडत नाही, कारण ओरडणाऱ्याच्याही ओठाखाली तीच असते.

दोष जाहिरातींना देऊन मोकळे होऊ नका. जाहिरातींचा दोष आहेच. पण त्या 2016-17 च्या पाहणीत देशात सर्वांत जास्त घेतला जाणारा तंबाखूचा प्रकार गुटखा नव्हता. तळहातावर चुना लावून मळलेली तंबाखू होती, जिला उत्तरेत खैनी म्हणतात. 11.2 टक्के. गुटखा 6.8 टक्क्यांवर होता. तळहातावर तंबाखू मळायला कुठल्या नटानं शिकवलं नाही. ते बापानं, काकानं, आजोबानं ओट्यावर बसून शिकवलं.

कायदाही ऐकून ठेवा. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या कलम 6 प्रमाणे 18 वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकता येत नाही आणि शाळेपासून 100 यार्डांच्या आत ती विकताच येत नाही. 2015 च्या बालन्याय कायद्याच्या कलम 77 प्रमाणे मुलाला तंबाखू देणाऱ्याला किंवा द्यायला लावणाऱ्याला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. देणारा कोण, हे त्या कलमात सांगितलेलं नाही. तो दुकानदार असेल, शेजारी असेल. बापही असू शकतो.

तुम्ही म्हणाल, "एवढ्याशा पुडीनं काय होतं?" सांगते काय होतं. तंबाखूत चुना का मिसळता, हे कधी स्वतःला विचारलंत? चुन्यानं निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या नाजूक कातडीतून भराभर रक्तात उतरतं. त्या तरतरीचा गुलाम झालेला माणूस दिवसातून दहा वेळा तळहात चोळतो. त्याच वेळी चुना तीच कातडी जाळत असतो आणि तंबाखूतली नायट्रोसअमाइन्स नावाची कर्करोगकारक द्रव्यं त्या जळलेल्या जागेवर तासन्‌तास बसून असतात. सुपारी मिसळली की आणखी एक रोग येतो. गालाच्या आत घट्ट तंतू तयार होतात, कातडी पांढरी आणि कडक होत जाते, तिखट सोसत नाही, आणि जबडा दर महिन्याला थोडा थोडा बंद होत जातो. विदर्भातला खर्रा, नगर-सोलापूरकडचा मावा, सगळ्यांत तीच सुपारी, तीच तंबाखू, तोच चुना. सुपारी ही एकटीसुद्धा कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं कधीच सांगून टाकलं आहे. म्हणून "मी नुसती सुपारी खातो" हाही बचाव नको.

सगळ्यांनी आत्ता माझ्यासमोर आपल्याच हाताची तीन बोटं उभी जुळवून तोंडात घालून पाहा. जात नसतील तर उद्या दवाखान्यात जायचं, परवा नाही. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तरीही जायचं. "उष्णता झाली आहे" म्हणून सब्जा पीत महिने काढणारी माणसं शेवटी टाटा रुग्णालयाच्या दाराशी अशा अवस्थेत पोचतात की डॉक्टरांना जबडा काढावा लागतो. भारतातल्या पुरुषांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे, आणि जगात तोंडाच्या कर्करोगाचे जेवढे नवे रुग्ण सापडतात त्यांतला दर तिसरा माणूस आपल्या देशातला असतो.

"आमचा आजा नव्वद वर्षं जगला, जन्मभर तंबाखू खाऊन." जगला असेल. जे चाळिशीत गेले त्यांचे नातू इथे बसून त्यांची गोष्ट सांगत नाहीत, एवढाच फरक आहे. तासगावच्या अंजनी गावातून निघालेले आर. आर. पाटील राज्याचे गृहमंत्री झाले, उपमुख्यमंत्री झाले. ग्रामस्वच्छतेची मोहीम त्यांनी गावोगाव नेली. तुमच्यातल्या कित्येकांनी त्यांच्या सभा ऐकल्या आहेत. 16 फेब्रुवारी 2015 ला ते तोंडाच्या कर्करोगानं गेले, तेव्हा साठीही गाठली नव्हती. राज्यातले उत्तमातले उत्तम डॉक्टर त्यांच्या उशाशी होते. तुमच्या उशाशी कोण असणार आहे?

"माहीत नव्हतं" हेही चालणार नाही. 2016-17 च्या त्याच सरकारी पाहणीत 95.6 टक्के लोकांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं की धूररहित तंबाखूनं गंभीर आजार होतात. 2016 पासून पाकिटाच्या 85 टक्के भागावर सडलेल्या तोंडाचं चित्र छापलेलं असतं. तुम्ही ते पाकीट फोडून तंबाखू डबीत भरता आणि चित्र गटारात टाकता. अज्ञान असतं तर मी समजावून सांगितलं असतं. हा निष्काळजीपणा आहे, म्हणून रागावते आहे.

बिडी ओढणारे गप्प बसून सुटल्यासारखे दिसताहेत, त्यांनाही सांगते. पानात गुंडाळली म्हणून बिडी औषधी होत नाही. ती विझू नये म्हणून जास्त जोरानं आणि जास्त वेळा ओढावी लागते, आणि आतली तंबाखू थोडी असली तरी तिच्या धुरातलं निकोटिन, टार आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी नसतं, जास्तच असतं. बिड्या वळणाऱ्या बायकांचं पोट त्यावर आहे, निपाणीकडच्या शेतकऱ्याचं पीक आहे, हे मला ठाऊक आहे. त्यांना दुसरं काम, दुसरं पीक मिळवून देणं ही सरकारची जबाबदारी आहे. तुमचं फुप्फुस जाळून ती पार पडत नाही.

गुटख्याबद्दल तर तुम्ही सरकारला बोल लावायला तयारच असता. "बंदी आहे तर मिळतो कसा?" महाराष्ट्रानं 2002 मध्ये बंदी घातली, 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. मग अन्नसुरक्षा कायद्याखाली 2012 मध्ये पुन्हा बंदी आली, ती आजवर वर्षावर्षानं वाढत आली आहे. सीमेपलीकडून पोती येतात, पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत घालून विकतात, पोलीस कधी पकडतात, कधी डोळे मिटतात. त्यांचाही हिशोब झाला पाहिजे. पण ती दुसरी पुडी पहिलीत ओतून, हलवून तोंडात टाकणारा हात कुणाचा आहे? चोरट्या मालाला गिऱ्हाईक नसेल तर तो कुणी कुणासाठी आणील?

आता माझ्या सहकाऱ्यांकडे वळते. गुरुजींनो, मागच्या बाकावर बसून मान डोलावू नका. फाटकावर "तंबाखूमुक्त शाळा" ही पाटी आपण रंगवली आहे. शैक्षणिक संस्थांसाठीची 2019 ची मार्गदर्शक तत्त्वं कार्यालयात फाइलला लावलेली आहेत. आणि मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे कोण जातं, हे पहिलीतल्या मुलांनाही माहीत आहे. तास सुरू झाल्यावर ज्याचे पहिले चार शब्द तोंडातला रस सांभाळत बाहेर येतात, त्यानं मुलांना आरोग्याचा धडा शिकवू नये. मुलं आपण फळ्यावर लिहितो ते विसरतात आणि आपण करतो ते उचलतात. उद्यापासून या आवारात कुणाच्याही खिशात पुडी दिसली तर त्याची नोंद माझ्या हातानं होईल, मग तो कितीही वरिष्ठ असो.

आणि हे सगळं टिकून राहतं ते आपल्या भिडेमुळे. अनोळखी माणूस एसटी स्टँडवर "चुना आहे का?" विचारतो आणि ओळख होते. सोयरीक ठरवायला बसलं की मधे पुडी फिरते. मयताला गेलं तरी अंगणात डबी उघडते. लग्नात पाहुण्यांपुढे पानाच्या तबकात तंबाखू ठेवली नाही तर यजमानाचा कमीपणा. जिथे जिथे चार माणसं प्रेमानं जमतात तिथे तिथे तुम्ही ही वस्तू मधे आणून ठेवलीत, आणि मग पोरानं ती वाईट मानावी अशी अपेक्षा करता. त्यानं का मानावी? त्यानं ती कायम मोठ्यांच्या आपुलकीच्या हातातच पाहिली आहे.

काय करायचं ते आता सांगते, लिहून घ्या. आजपासून कुठल्याही मुलाला पुडी, बिडी, मिश्री, सुपारी आणायला पाठवायचं नाही. ज्याला हवी त्यानं स्वतः उठून जायचं. घरात मुलांच्या हाताला लागेल अशा कोनाड्यात डबी ठेवायची नाही. मिश्रीचा तवा चुलीवर चढवायचा नाही. पुढच्या लग्नसराईत तबकात बडीशेप ठेवा, पाहुणे रुसून परत जात नाहीत. आणि ज्यांना सोडायची आहे पण सुटत नाही, त्यांनी 1800-11-2356 या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करायचा. त्याला पैसे पडत नाहीत. तिथले समुपदेशक पुन्हा पुन्हा फोन करून मदत करतात. पहिले काही दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, हात आपोआप खिशाकडे जाईल. तेवढे दिवस घरच्यांनी सांभाळून घ्यायचं, टोमणे मारायचे नाहीत. एकदा सुटून पुन्हा लागली तर पुन्हा सोडायची. गणित चुकलं म्हणून आपण मुलाला पाटी फेकून द्यायला सांगत नाही, पुन्हा मांडायला सांगतो.

मी कडक बोलले. काहींना राग आला असेल, येऊ दे. तुमच्यातले निम्मे माझ्याच हाताखाली शिकले, तेव्हाही रागावायचात आणि तरीही दुसऱ्या दिवशी वेळेवर यायचात. तुमची पोरं मी पहिलीत घेते तेव्हा त्यांची दुधाचे दात पडलेली तोंडं हसताना मोठी उघडतात. ती तशीच उघडी राहावीत, यासाठी मी कुणाशीही भांडायला तयार आहे. तुमच्याशीसुद्धा.

टपरीवाल्याला शाळेची लेखी नोटीस सोमवारी जाईल, तिची प्रत ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला. आणि यापुढे ज्या मुलाच्या हातात पुडी सापडेल, त्या मुलाला मी एका शब्दानं रागावणार नाही. ती कुणी आणायला सांगितली, एवढंच विचारीन, आणि त्या माणसाला नाव घेऊन सगळ्यांसमोर इथे उभं करीन.